केसपेपरवर नाव नसलेली मुले

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढणारा कारकून तीनच गोष्टी विचारतो. नाव, वय, पत्ता. दारू किंवा गर्द सोडवायला आलेला माणूस असेल तर पुढे डॉक्टर विचारतात, किती वर्षांपासून घेता, रोज किती घेता. नैराश्याने खचलेली बाई असेल तर विचारतात, झोप लागते का, जेवण जाते का. हे सगळे चालू असताना तिचा पदर धरून उभे असलेले किंवा बाकाच्या टोकाशी बसलेले एक मूल तिथे असते. त्याला कुणी काही विचारत नाही, कारण रुग्ण ते नव्हे. त्याचे नाव केसपेपरवर नसते.

वैद्यकशास्त्राला हे मूल दिसायला किती काळ लागला आणि दिसल्यावर काय उमगले, त्याची हकिगत आज सांगायची आहे.

मूल अजिबात दिसले नव्हते असे म्हणणे तसे बरोबर नाही. दिसले होते, पण ते ‘बीज’ म्हणून. ‘खाण तशी माती’ ही आपली म्हण. युरोपातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात तिचे शास्त्रच बनवले. फ्रान्सच्या बेनेडिक्ट मोरेल या मनोविकारतज्ज्ञाने १८५७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. दारूसारख्या विषांनी एका पिढीत शिरलेला बिघाड पुढच्या पिढीत वाढतो आणि चौथ्या पिढीच्या सुमारास वंशच खुंटतो, अशी त्याची मांडणी होती. पुढची पन्नास वर्षे ही कल्पना डॉक्टरांच्या, पाद्र्यांच्या आणि दारूबंदीवाल्यांच्या तोंडी होती. दारुड्याचे पोर म्हणजे बिघडलेले पोर, हे सिद्ध करण्याची कुणाला गरजच वाटत नव्हती.

ती गरज वाटली लंडनच्या कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाला. त्याच्या प्रयोगशाळेतल्या एथेल एल्डर्टन या संशोधिकेने १९१० साली एक अहवाल प्रसिद्ध केला. एडिंबरा आणि मँचेस्टर येथील शाळकरी मुलांची उंची, वजन, प्रकृती, बुद्धी यांची टिपणे तिने घेतली आणि पिणाऱ्या व न पिणाऱ्या आईबापांची मुले शेजारी शेजारी ठेवून पाहिली. निष्कर्ष असा, की दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही! मोठेच वादळ उठले. गंमत म्हणजे पिअर्सन स्वतः वंशशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता. त्याच्याच प्रयोगशाळेने दारूबंदीवाल्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली. पुढे अर्थशास्त्रात जगप्रसिद्ध झालेला जॉन मेनार्ड केन्स तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याने या अहवालावर झोड उठवली. त्याचा मुख्य मुद्दा असा, की ही सगळी कुटुंबे एकाच हलाखीच्या वस्तीतली; तिथले न पिणारे आईबाप म्हणजे सर्वसाधारण न पिणारे आईबाप नव्हेत. मग तुलना कशाशी कशाची करता?

आज हा वाद वाचताना केन्सची बाजू बळकट वाटते. पण मला त्यात दुसरेच काही खटकते. दोन्ही बाजूंनी मुलांची उंची मोजली, वजन मोजले, मास्तरांचे मत घेतले. रात्री घरी बाप आल्यावर काय होते, हे मुलाला कुणीही विचारले नाही.

विचारण्याआधी मुलेच बोलू लागली. दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या बैठका अमेरिकेत १९३५ साली सुरू झाल्या. १९५१ साली त्यांच्या बायका-नातेवाइकांच्या वेगळ्या बैठका उभ्या राहिल्या. आणि १९५७ साली कॅलिफोर्नियात, बाप एका बैठकीला आणि आई दुसऱ्या बैठकीला जाते हे पाहणाऱ्या एका किशोरवयीन मुलाने आणखी पाच जणांना जमवून मुलांची बैठक भरवली. ‘अलाटीन’ या नावाने ती पुढे जगभर पसरली.

त्यानंतर बारा वर्षांनी, १९६९ साली, कॅनडातल्या टोरांटो शहरात मार्गारेट कॉर्क या समाजसेविकेचे ‘विसरलेली मुले’ अशा अर्थाच्या नावाचे छोटे पुस्तक आले. व्यसनी पालकांच्या १० ते १६ वर्षे वयाच्या ११५ मुलांशी ती बोलली होती. मुले दारूबद्दल बोलतील असे कुणालाही वाटेल. ती बोलली भांडणांबद्दल. आईबापांना आपण दिसतच नाही, याबद्दल. घरात मित्र आणता येत नाही, याबद्दल. दारू प्यायलेल्या बापापेक्षा त्याच्यावर डोळा ठेवण्यात गुंतलेली आई कित्येकांना जास्त दुरावलेली वाटत होती. संख्याशास्त्राच्या कसोटीला हे पुस्तक कच्चे होते, त्यात तुलनेचा गट नव्हता. पण मुलाला समोर बसवून विचारायचे असते, एवढे ते शिकवून गेले.

रक्ताचा प्रश्न मात्र उरलाच होता. त्याचे उत्तर डेन्मार्कच्या दत्तक नोंदींतून निघाले. अमेरिकेचे डोनाल्ड गुडविन आणि त्यांचे डॅनिश सहकारी यांनी १९७३ साली असे पुरुष शोधले, की ज्यांचा जन्मदाता बाप किंवा आई व्यसनी होती, पण जे तान्हेपणीच दुसऱ्या घरी दत्तक गेले. अशा ५५ जणांत १८ टक्के दारूच्या आजाराला बळी पडले होते. व्यसनी जन्मदाते नसलेल्या ७८ दत्तक पुरुषांत ५ टक्के. म्हणजे रक्ताचा वाटा आहे. पण त्याच आकड्यांची दुसरी बाजू अशी, की व्यसनी माणसाच्या पोटी जन्मलेल्या शंभरातल्या बहात्तर नव्हे, ब्याऐंशी मुलग्यांना तो आजार झाला नाही. मोरेलच्या चौथ्या पिढीचे भाकीत तिथेच निकालात निघायला हवे होते. असो.

आता थोडे दुसऱ्या दिशेला जाऊ. कारण पुढचा धागा दारूच्या दवाखान्यातून नव्हे, तर नैराश्याच्या दवाखान्यातून आला.

१९६७ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरी, येल विद्यापीठात, मर्ना वाइसमन नावाची एक समाजसेविका अर्धवेळ नोकरीला लागली. चार लहान मुलांची आई होती, पूर्णवेळ काम परवडणारे नव्हते. जेराल्ड क्लर्मन हे मनोविकारतज्ज्ञ तेव्हा नैराश्याच्या गोळ्यांची चाचणी घेत होते. गोळ्यांनी बाई बरी झाली, पण ती पुन्हा आजारी पडू नये म्हणून काय करावे, असा प्रश्न होता. गोळ्यांच्या जोडीला बोलण्याचा उपचारही तपासायचा असे ठरले आणि तो नेमका काय असावा हे लिहून काढण्याचे काम वाइसमन यांच्याकडे आले. त्यांनी एक साधी गोष्ट हेरली. नैराश्य बहुधा चार वळणांवर गाठते. कुणी गेल्याचे दुःख, जवळच्या माणसाशी बेबनाव, आयुष्यातला मोठा बदल आणि एकाकीपणा. तेव्हा बालपणीच्या आठवणी उकरत बसण्यापेक्षा आज बाईच्या अवतीभवती कोण आहे, कुणाशी काय बिनसले आहे, यावरच बोलायचे. या उपचाराला पुढे ‘इंटरपर्सनल’ म्हणजे परस्परसंबंधांचा उपचार असे नाव पडले.

त्याच सुमारास वाइसमन यांनी नैराश्यग्रस्त चाळीस स्त्रिया आणि त्यांच्याशी मिळत्याजुळत्या चाळीस निरोगी स्त्रिया यांच्या रोजच्या वागण्याची बारीक पाहणी केली. १९७४ साली यूजीन पेकेल यांच्यासह लिहिलेले पुस्तक त्यातून तयार झाले. आजारी स्त्री बाहेरच्या माणसांशी कसनुसे का होईना, पण निभावून नेत होती. तिचा तोल जात होता तो घरात, आणि त्यातही मुलांपाशी. मुलांशी बोलणे कमी, माया आटलेली, चिडचिड जास्त आणि मग त्या चिडचिडीचा स्वतःलाच होणारा पश्चात्ताप. ‘मला माझ्या लेकराचा राग येतो’ हे वाक्य आपल्याकडे कुणी आई उच्चारणार नाही. उच्चारले तर सासर-माहेर दोन्ही तुटून पडतील. त्या स्त्रियांनी ते सांगितले आणि कुणीतरी ते न रागावता लिहून घेतले, हेच मला या पुस्तकाचे मोल वाटते.

न्यू हेवनमध्येच, काही रस्ते ओलांडून, हर्बर्ट क्लेबर यांचे व्यसनमुक्ती केंद्र होते. तो काळ हेरॉइनचा होता. १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थ हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले होते. हेरॉइनच्या जागी मेथाडोन हे औषध रोज मोजून द्यायचे आणि माणूस पायावर उभा करायचा, ही पद्धत १९६५पासून रुजू लागली होती. पण तलफ थांबली तरी माणूस उभा राहतोच असे नाही, हे केंद्रातल्या लोकांना दिसत होते. क्लेबर, वाइसमन आणि ब्रूस राउन्सव्हिल यांनी उपचार घेणाऱ्या ५३३ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी तीव्र नैराश्य येऊन गेले होते. गर्दुल्ला म्हणजे मौजेसाठी बिघडलेला माणूस, या समजाला हा मोठा धक्का होता. आधी दुःख की आधी नशा, हे कोडे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे सुटते. पण दोन्ही एकाच अंगात घर करून असतात, हे नक्की झाले.

साहजिकच पुढचा प्रश्न असा आला : या दोन आजारांपैकी मुलांपर्यंत पोहोचते ते काय?

न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड न्यून्स, वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेलेल्या पालकांची मुले तपासली आणि १९९८ साली आपले निरीक्षण मांडले. पालकाला व्यसन आणि नैराश्य दोन्ही असेल, अशा घरातल्या मुलांमध्ये वर्तनाचे विकार आणि एकंदर आयुष्याची घडी विस्कटणे ठळकपणे जास्त आढळले. व्यसन सर्वांना दिसते. पोलिसांना दिसते, शेजाऱ्यांना दिसते. त्याच्या आड दडलेले नैराश्य कुणाला दिसत नाही. आणि मुलाच्या पायात अडकणारा दोर बऱ्याचदा त्या दडलेल्या बाजूचा असतो.

दरम्यान वाइसमन यांनी आणखी एक काम हाती घेतले होते. माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम हेच. १९८२ साली त्यांनी नैराश्यग्रस्त पालकांची आणि निरोगी पालकांची कुटुंबे निवडली आणि दोन्हीकडच्या मुलांशी थेट बोलायला सुरुवात केली. त्या काळी लहान मुलांना नैराश्य येते हेच मानायला पुष्कळ तज्ज्ञ तयार नव्हते. मुलाखत घेणाऱ्याला मुलाचे आईबाप कोणत्या गटातले हे सांगितले जात नसे, म्हणजे मनातला ग्रह उत्तरात उतरायला नको. मग याच मुलांना दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, तीस वर्षांनी पुन्हा भेटायचे. घरे बदललेली, लग्ने झालेली, मोडलेली. चिकाटी याला म्हणतात.

वीस वर्षांनंतरचा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. नैराश्यग्रस्त पालकांच्या मुलांत चिंताविकार, नैराश्य आणि व्यसनाधीनता यांचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट निघाले. त्यातला तिसरा शब्द पाहा. घरात दारूची बाटली नसतानाही, केवळ आईच्या किंवा बापाच्या न बोललेल्या दुःखातून पुढच्या पिढीत व्यसन उगवू शकते. आजार सुरू होण्याचे सर्वांत नाजूक वय १५ ते २० निघाले. म्हणजे आपल्याकडची दहावी-बारावी आणि कॉलेजची पहिली वर्षे. आधी, २००५ साली, याच कुटुंबांतली नातवंडे तपासली होती. आजी-आजोबा आणि आईबाप अशा दोन्ही पिढ्यांत नैराश्य असलेल्या नातवंडांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना सरासरी बाराव्या वर्षापर्यंतच कुठला ना कुठला मानसिक त्रास जडलेला होता. बहुतेकांची सुरुवात भीतीने, काळजीने होते. नैराश्य मागून येते.

हे ऐकून कुणाच्याही मनात येईल, की मग खाण तशी मातीच! एवढे सगळे संशोधन करून आपण फिरून मोरेलपाशीच आलो की काय?

नाही. आणि याचे उत्तर २००६ सालच्याच मार्च महिन्यात मिळाले. अमेरिकेत तेव्हा नैराश्याच्या उपचारांची एक मोठी चाचणी चालू होती. सिटालोप्रॅम नावाची साधी गोळी देऊन सुरुवात करायची, गुण नाही आला तर पुढचा उपचार, असे तिचे स्वरूप होते. वाइसमन यांच्या गटाने त्या चाचणीतल्या १५१ आया निवडल्या आणि प्रत्येकीच्या ७ ते १७ वर्षांच्या एका मुलाची तपासणी केली. सुरुवातीला साधारण एकतृतीयांश मुले कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारात होती. मुलांना कोणताही उपचार या संशोधकांनी दिला नाही. उपचार फक्त आईवर. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले. ज्यांच्या आया पूर्ण बऱ्या झाल्या, त्या मुलांतले आजाराचे प्रमाण ११ टक्क्यांनी खाली आले. ज्यांच्या आया बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्यात ते ८ टक्क्यांनी वर गेले. आधीपासून आजारी असलेल्या मुलांपैकी, आई बरी झालेल्या घरांतली ३३ टक्के मुले बरी झाली. इतर घरांत १२ टक्के. आणि सुरुवातीला ठणठणीत असलेली मुले? आई बरी झाली त्या घरांत एकही नव्याने आजारी पडले नाही. आई बरी झाली नाही तिथे १७ टक्के मुलांना नवा आजार जडला.

मुलाला औषधाचा एक थेंबही न देता, तीन महिन्यांत हे घडले.

इथे थोडे जपून बोलायला हवे. आई बरी झाली म्हणून मूल सुधारले, की मूल सुधारले म्हणून आईला उभारी आली, की दोघांनाही घरातल्या तिसऱ्याच कशाने आधार दिला, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही. संशोधकांनीही तसे सांगितले नाही. पण रक्त हा एकच खेळाडू असता, तर तीन महिन्यांत आकडे असे हलले नसते. तेवढ्या काळात रक्त बदलत नाही, घर बदलते.

दुसरी सावधगिरी त्याहून महत्त्वाची. ही संशोधने सांगायला लागले की बोट आईकडे वळते. आईमुळे मुले आजारी पडली, असा अर्थ काढायला आपला समाज टपलेलाच असतो. म्हणून आईचे नैराश्य कुठून येते हेही पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी आता अमेरिकेत थांबायचे कारण नाही. ती पाहणी आपल्या शेजारी, गोव्यात झाली आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. कारणे कोणती? गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली ही गोष्ट. पुढच्याच वर्षीच्या लेखात त्यांच्या बाळांचा हिशेब होता. सहा महिन्यांच्या वयाला नैराश्यग्रस्त आयांची बाळे वजनात मागे पडली होती आणि बौद्धिक वाढीतही. नवऱ्याची मारहाण, आईचे नैराश्य आणि बाळाचे वजन अशी ही साखळी आहे. यात दोषी कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

महाराष्ट्राला घर आणि व्यसन यांचे नाते वेगळ्या मार्गाने कळले. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले, हे वाचकांना ठाऊक असेल. तिथे पहिल्यापासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोलाही बोलते केले गेले. त्यामागे आकडेवारीपेक्षा माणसांची पारख होती. अनिताताई १९९७ साली गेल्या.

वाइसमन-क्लर्मन यांचा तो बोलण्याचा उपचार मात्र फिरत फिरत आपल्यापर्यंत आला. आधी तो युगांडाच्या खेड्यांत गेला. तिथे मनोविकारतज्ज्ञ नव्हतेच, म्हणून गावातल्याच माणसांना शिकवून सोळा आठवडे गटाच्या बैठका घेतल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, बैठका झालेल्या गावांत शेवटी साडेसहा टक्के लोकांत तीव्र नैराश्य उरले, न झालेल्या गावांत जवळजवळ ५५ टक्के. मग गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे, तर स्थानिक पदवीधर मुलींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. २०१० सालच्या अहवालानुसार, अशा सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीचाच उपचार मिळालेल्या केंद्रांत साडेबेचाळीस टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. तिथे दोन्हीकडे सारखाच गुण आला. याच मंडळींनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी अशाच समुपदेशनाचा प्रयोग गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांत केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथेही तीन महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारात २६ टक्के, तर समुपदेशनात ३६ टक्के निघाले. फार मोठी उडी नव्हे. पण केंद्रात एक बाक, एक टेबल आणि शिकवलेले एक माणूस, एवढ्या भांडवलात ती मारली गेली.

या परस्परसंबंधांच्या उपचारात पहिल्या एकदोन भेटींत समुपदेशक एक यादी करतो. गोळ्यांची नव्हे, माणसांची. तुमच्या आयुष्यात कोण कोण आहे, कुणाचा आधार वाटतो, कुणाशी बोलणे तुटले आहे, कुणाची काळजी लागून राहते. समोरची बाई आधी नवऱ्याचे नाव सांगते, मग सासूचे, मग माहेरच्या कुणाचे. आणि कुणाची काळजी वाटते असे विचारले, की बाहेर बाकावर बसलेल्या मुलाचे.